ठाण्याच्या किल्ल्यातून सुटलेला कैदी आणि माल्कमचा तह

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला. डिसेंबर 1774 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा अंमलदार जॉन माल्कम याच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त तह, म्हणजे 1818 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी झालेला, समजून घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

जुलै 1815 मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. ठपका दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला आणि इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले, आणि तिथेच फसले. एका अंमलदाराचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाण्यातून निरोप पोचवत असे. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी पसार झाला. बाजीराव त्याला छुपी मदत करतो असे म्हणत पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) एल्फिन्स्टन याने जून 1817 मध्ये पुण्याचा जाचक तह लादला. नोव्हेंबरात खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्या तोफा धडाडल्या.

माल्कम (जन्म 1769) हा स्कॉटलंडच्या सीमेवरच्या शेतकरी घरातला, सतरा भावंडांपैकी एक. तेराव्या वर्षी कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला. त्याला वर नेले ते फारसीने. दरबारी पत्रव्यवहार त्याच भाषेत चाले. दुभाष्यावर विसंबणारा अंमलदार वाटाघाटीत दुभाष्याच्या ताब्यात असे. हैदराबादेत रेसिडेंटचा मदतनीस, मग 1800 मध्ये इराणच्या शहाकडे वकील, तेही जेमतेम कॅप्टन असताना. 1808 ची दुसरी खेप पार फसली, हेही सांगायला हवे. 1804 चा शिंद्यांशी बऱ्हाणपूरचा तह त्याचाच. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांच्या तोफांवर तो स्वतः चालून गेला आणि सोळा दिवसांत, 6 जानेवारी 1818 ला, मंदसोरला त्यांच्याशी तह करून मोकळा झाला.

खडकीनंतर पळत असलेला बाजीराव मे 1818 अखेरीस बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्यापाशी अडकला. माल्कमने आधी घाटवाटांवर तुकड्या बसवल्या, मगच बोलणी लावली. 1 जून 1818 ला खेरी इथे भेट झाली. त्याने घातलेल्या अटी अशा: स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने पुण्याच्या राज्यावरचा हक्क सोडायचा, चोवीस तासांत छावणीत हजर व्हायचे, एक दिवसही न दवडता उत्तरेत जायचे, काशी किंवा दुसऱ्या तीर्थक्षेत्री राहायचे. बदल्यात ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ सालिना किमान आठ लाखांची पेन्शन. बाजीरावाने घोळ घातलाच. तो 3 जूनला आला.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला आकडा अवाच्या सवा वाटला. माल्कमचा हिशेब सरळ होता. पाऊस तोंडावर, असीरगडचा किल्लेदार बाजीरावाला अनुकूल, आणि गडाला पावसाळ्यात वेढा घालणे पेन्शनपेक्षा महाग. तो हिशेब लष्करी अर्थाने बरोबर होता, असे आमचे मत. असीरगड पडायला एप्रिल 1819 उजाडले. त्रिंबकजी मात्र लवकरच पकडला गेला आणि चुनारगडच्या कैदेतच वारला.

माल्कम 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. 10 नोव्हेंबर 1830 ला बोरघाटाचा गाडीरस्ता त्याने खुला केला. तोवर पनवेल बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे. कोकण आणि देश यांमधली भिंत पडली, अशा शब्दांत त्याने या कामाचे कौतुक केले. पनवेल–खोपोलीवरून जाणारा आजचा जुना महामार्ग साधारण त्याच वाटेचा. 1833 मध्ये माल्कम वारला.

बाजीरावाशी केलेल्या तहाच्या मसुद्यातली फट उघडी पडली ती त्यानंतर. निवृत्त बाजीराव फार दिवस जगणार नाही, असा बऱ्याच जणांचा होरा होता. तो कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात (बिठूर) 28 जानेवारी 1851 पर्यंत जगला आणि कंपनीला अडीच कोटींवर रक्कम मोजावी लागली. ‘कुटुंब’ म्हणजे कोण, दत्तक मुलगा त्यात येतो का, पेन्शन बाजीरावाच्या हयातीपुरती की पुढेही, याबद्दल कलमात अक्षर नव्हते. त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी त्याच शब्दावर बोट ठेवून दावा मांडला. गव्हर्नर जनरल डलहौसीने ती पेन्शन वैयक्तिक ठरवून बंद केली, आणि नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान दाद मागायला लंडनला जाऊन हात हलवत परत आला.