घासलेलं नाणं की कच्चा ठसा? पाचव्या जॉर्जच्या चांदीची पारख

१९२० ते १९२६ या काळातला एखादा ब्रिटिश शिलिंग उलटा करून बघा. मुकुटावर उभ्या सिंहाचं नाक बहुतेक वेळा सपाट दिसेल. पुढच्या बाजूला राजाच्या कानावरचे केसही धूसर असतील. विकणारा सांगतो, ‘वीक स्ट्राइक आहे, नाणं अनसर्क्युलेटेड’, म्हणजे ठसाच कच्चा, नाणं वापरात आलेलंच नाही. घेणाऱ्याला ते व्हीएफपेक्षा (व्हेरी फाइन, म्हणजे वापरून झिजलेल्या नाण्याचा एक दर्जा) वरचं वाटत नाही. या दोन दर्जांच्या भावात मोठी दरी असते, त्यामुळे सपाटी कशामुळे आली हे आधी ठरवायला हवं.

झीज म्हणजे टांकसाळीबाहेर पडल्यावर हातोहाती घासून गेलेला धातू. कच्चा ठसा म्हणजे ठोकताना डायच्या (ठसा उमटवणाऱ्या साच्याच्या) खळग्यात धातू पोचलाच नाही. ब्रिटिश दर्जाची फाइन, व्हीएफ, ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन), अनसर्क्युलेटेड ही चढण मुख्यतः झीज मोजते. कच्च्या ठशाचं नाणं अनसर्क्युलेटेड असू शकतं. त्याला भाव मात्र पूर्ण ठशाच्या नाण्याइतका मिळत नाही.

हा घोळ याच वर्षांत का जास्त, याचं कारण धातूत आहे. १९२० साली ब्रिटिश नाण्यांतली चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. सुरुवातीच्या मिश्रणात ४० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल होतं, आणि ते जुन्या चांदीपेक्षा कडक. त्यात बर्ट्रम मॅकेनलनं घडवलेलं राजाचं मस्तक चांगलंच उंच. ते भरायला धातू पुढं ओढला जातो आणि बरोबर त्याच्या पाठीमागे कमी पडतो. याला घोस्टिंग म्हणतात. १९२६ साली मस्तकात सुधारणा केल्यावर हा त्रास कमी झाला.

आता तपासणी. खोलीतले बाकी दिवे बंद करून एकच टेबललॅम्प ठेवा. नाणं कडेनं धरून तिरकं करा आणि हळूहळू फिरवा. मूळ झळाळी असेल तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतील. हे पट्टे सपाट भागावरूनही अखंड सरकत गेले तर ठसा कच्चा. उंच भागावर येताच ते तुटून तिथं मेलेला करडा डाग उरला, तर ती झीज.

मग १० पट भिंग लावा. कच्च्या ठशाचा सपाट भाग नीट पाहिला तर गुळगुळीत नसतो. ठोकण्यापूर्वी कोऱ्या चकतीवर असलेले बारीक खड्डे आणि ओरखडे तिथं तसेच राहिलेले असतात, कारण दाबाखाली ते मिटलेच नाहीत. घासलेला भाग मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. आमच्या मते ही खूण झळाळीपेक्षाही भरवशाची आहे.

निम्म्या चांदीच्या नाण्यांत रंगही बोलतो. टांकसाळीत आम्लाच्या प्रक्रियेनं वरच्या थरातलं तांबं काढून टाकत, त्यामुळे नव्या नाण्यावर जास्त चांदीची पातळ साय असे. ती घासली की गाल, भुवई, सिंहाचा खांदा अशा उंच जागी पिवळसर किंवा मातकट छटा उघडी पडते. सिंहाचं नाक सपाट आहे पण आजूबाजूइतकंच पांढरं आहे, तर साय शाबूत आहे.

अक्षरं विसरू नका. घासलेल्या नाण्यात राजाच्या नावाची अक्षरंही कडांना गोलावतात आणि किनारीचे मणी बुजू लागतात. मधला भाग सपाट, पण अक्षरं धारदार असतील तर ठशावरच संशय घ्या. याला एक अपवाद: डाय स्वतःच जुनी झाली असेल तर अक्षरं जाड, पसरट उमटतात आणि त्यांच्यापासून कडेकडे धातू वाहिल्याच्या रेघा दिसतात. ती नाण्याची झीज नव्हे.

वजनाचा उपयोग मर्यादित आहे. शिलिंग ५.६६ ग्रॅम, फ्लोरिन (दोन शिलिंग) ११.३१, हाफ क्राउन (अडीच शिलिंग) १४.१४. हाफ क्राउन १३.८ भरला तर कच्च्या ठशाची सबब चालणार नाही, कारण ठसा कच्चा असला तरी धातू तेवढाच राहतो. पण ईएफ आणि अनसर्क्युलेटेड यांच्यातला फरक काट्यावर कळत नाही. त्या टप्प्यावर गेलेला धातू फारच थोडा असतो.

सातव्या एडवर्डच्या नाण्यांना (१९०२ ते १९१०) हे सगळं जसंच्या तसं लावू नका. डी सॉलेसनं कोरलेलं ते मस्तक उथळ आहे आणि कानावरचे केस व दाढी लवकर घासतात. तिथं कुणी ‘वीक स्ट्राइक’ म्हणालं तर आधी झीजच गृहीत धरा, विशेषतः १९०५च्या हाफ क्राउनसारख्या दुर्मिळ नाण्यात. १९०२चे मॅट प्रूफ (संग्रहासाठी खास ठोकलेली नाणी) मात्र मुळातच निस्तेज बनवलेले आहेत. त्यांना झळाळीची कसोटी लागूच होत नाही.

आणि कृपा करून रिठ्याच्या पाण्यात किंवा चिंचेनं नाणं उजळू नका. घरातली समई उजळते तशी नाण्याची चांदीही उजळते, पण चोळल्यानं सूक्ष्म रेघा उमटतात, आम्लानं झळाळी खाल्ली जाते, आणि मग वरच्या दोन कसोट्या कामातून जातात. अशा पांढऱ्याफेक पण मेलेल्या नाण्यावर झीज होती की नव्हती, हे सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं.

दोन्ही दोष एकाच नाण्यात असणं नेहमीचं आहे. तेव्हा दर्जा सिंहाच्या नाकावरून ठरवू नका. गालाचं हाड, अक्षरांच्या कडा आणि किनार पाहून ठरवा. पाकिटावर दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा: ‘ईएफ, मागचा ठसा कच्चा’.