प्राथमिक शाळा आणि सोशल नेटवर्किंग : फेसबुकच्या आधीपासूनची गोष्ट

छोट्या मुलांच्या वर्गात सोशल नेटवर्किंग साइट वापरायची का, असा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी मोबाईलच्या व्यसनावर जाते आणि मग तिथेच अडकते. त्यामुळे ही कल्पना शिक्षकांच्या डोक्यात मुळात आली कुठून हे कोणी विचारतच नाही, आणि ती आली कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी.

दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू नावाच्या छोट्या गावात सेलेस्टिन फ्रेने म्हणून एक प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झालेली, तासन् तास वर्गासमोर बोलणं जमायचं नाही. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक छोटं छपाई यंत्र आणलं. मुलं स्वतः लिहायची, स्वतःच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची आणि छापून काढायची. मग हा छापलेला मजकूर फ्रान्सच्याच पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक गावातल्या शाळेत पोस्टाने जायचा आणि तिथल्या मुलांचा इकडे यायचा. आपण लिहिलेलं फक्त गुरुजी लाल पेनाने तपासणार नाहीत, कुठलं तरी अनोळखी मूल खरंच वाचणार आहे, एवढ्या एका गोष्टीने मुलांचं लिहिणं बदलतं हे फ्रेनेंना कळलं होतं. पुढे शाळेत जे काही ऑनलाइन प्रयोग झाले त्यातले चांगले प्रयोग बघा, सगळ्यांच्या मुळाशी हेच सापडतं.

कॉम्प्युटर आल्यावर पहिला मोठा प्रयत्न टोरांटोत झाला. मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेराइटर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्राथमिक शाळेच्या वर्गात सीसाइल नावाची सिस्टिम लावली. वर्गातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, मुलांनी एखाद्या प्रश्नावर नोट लिहायची, दुसऱ्याने त्यावर कमेंट करायची, आणि लिहिताना हा माझा अंदाज आहे की मला हे समजून घ्यायचंय असं लेबल लावायचं. पोस्ट आणि कमेंट, दोन्ही आलं की यात! फेसबुकचा निर्माता तेव्हा दोन वर्षांचा होता. फरक एवढाच की इथे लाइक नव्हतं आणि कोणाचे किती फ्रेंड्स हे कोणी मोजत नव्हतं.

साधारण त्याच काळात अमेरिकेत नॅशनल जिओग्राफिकचं किड्स नेटवर्क सुरू झालं, मुख्यतः चौथी ते सहावीच्या मुलांसाठी. वेगवेगळ्या गावांतल्या शाळांनी आपापल्या पावसाच्या पाण्याची आम्लता मोजायची, आकडे फोनलाइनला कॉम्प्युटर जोडणाऱ्या मोडेमवरून पाठवायचे, मग सगळ्यांचे आकडे एकत्र होऊन नकाशा परत यायचा. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडणारा प्रकल्प निघाला, त्यातूनच पुढे आयअर्न हे जगभर पसरलेलं नेटवर्क तयार झालं. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

आता खरा ट्विस्ट. १९९८ मध्ये अमेरिकेत कोपा नावाचा कायदा झाला आणि २००० च्या एप्रिलपासून लागू झाला, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायची असेल तर पालकांची संमती हवी. १३ हा आकडा मेंदूच्या विकासावरून वगैरे काढलेला नाही, ही राजकीय तडजोड होती, कायदा आणणाऱ्यांपैकी एड मार्की यांना १६ हवं होतं. आणि तारीख लक्षात घ्या, तेव्हा फेसबुक नव्हतं, त्याच्या आधी गाजलेली सोशल साइट मायस्पेस नव्हती, यूट्यूबही नव्हतं. नंतर आलेल्या कंपन्यांनी संमतीच्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ १३ च्या खालच्यांना येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. फेसबुक २००४ मध्ये कॉलेजपुरतं आलं, २००५ मध्ये हायस्कूलला मिळालं, आणि २००६ च्या सप्टेंबरमध्ये १३ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी उघडलं. म्हणजे प्राथमिकच्या मुलांसाठी दार उघडलंच नाही. मुलं खोटी जन्मतारीख टाकून आत गेली आणि बऱ्याच घरांत ती टाकायला आईबापांनीच मदत केली ते वेगळं.

त्याच २००६ मध्ये मायस्पेसवरून मुलांना गाठणाऱ्या लोकांच्या बातम्यांनी अमेरिकेत घबराट होती. सरकारी मदत घेणाऱ्या शाळा आणि लायब्रऱ्यांमध्ये सोशल साइट ब्लॉक करा असं विधेयक जुलैमध्ये प्रतिनिधीगृहात ४१० विरुद्ध १५ मतांनी पास झालं. सिनेटमध्ये ते अडकलं आणि कायदा झालाच नाही, पण नको त्या साइट अडवणारे फिल्टर लावायची सक्ती शाळांवर आधीच्या एका कायद्याने होतीच, त्यामुळे बऱ्याच शाळांनी घाबरून सगळं बंद करून टाकलं. आणि २००८ मध्ये त्याच सरकारने उलटा नियम आणला की सोशल साइटवर कसं वागायचं हे शाळेने शिकवलंच पाहिजे. साइट बंद आणि धडा चालू, शिक्षकांनी काय करायचं बोला.

शिक्षकांनी अर्थातच वाटा काढल्या. पूर्ण वर्गाचं मिळून एकच ट्विटर अकाउंट, ते शिक्षकाच्या नावावर, दिवसाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवायचं आज काय लिहायचं आणि ते ट्विटरच्या तेव्हाच्या १४० अक्षरांच्या मर्यादेत बसवायचं. मला विचाराल तर सगळ्या प्रयोगांत हा सर्वात भारी, कारण मुलाचं नाव नाही, फोटो नाही आणि तरी बाहेरचा वाचक खरा. कोणी ऐतिहासिक व्यक्तींची फेसबुक प्रोफाइल कागदावर बनवून घेतली. व्हिडिओ कॉलच्या स्काइपने २०११ मध्ये शिक्षकांसाठी वेगळी साइट काढली, आणि समोरचा वर्ग कुठल्या देशातला हे प्रश्न विचारून ओळखायचा खेळ खूप चालला.

दुसरी वाट म्हणजे भिंतीच्या आतलं नेटवर्क. २००८ मध्ये एडमोडो आलं, दिसायला बऱ्यापैकी फेसबुकसारखं पण शिक्षकाने दिलेल्या कोडशिवाय आत जाता यायचं नाही. मुलांना खरं काहीतरी वापरल्यासारखं वाटायचं, हेडमास्तर पण खूश. शिक्षक-विद्यार्थी नात्याची भीती मात्र होतीच, २०११ मध्ये मिसूरी राज्याने शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी खासगीत बोलता येईल अशा साइट वापरायच्या नाहीत असा कायदा केला, आणि तो इतका ढोबळ की शिक्षकाला स्वतःच्या मुलाशीही बोलता आलं नसतं. लागू व्हायच्या आधीच कोर्टाने तो अडवला.

उघड्यावर लिहिल्यावर काय होतं त्याचं उदाहरण २०१२ चं आहे. स्कॉटलंडमधली ९ वर्षांची एक मुलगी शाळेतल्या जेवणाचे फोटो स्वतःच्या ब्लॉगवर टाकून त्याला मार्क द्यायची. जगभर वाचक मिळाले, मग तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, जूनमध्ये फोटो काढायला बंदी घातली, एवढा गदारोळ झाला की बंदी लगेच उठवावी लागली. मुलांच्या लिहिण्याला खरा वाचक मिळाला की मोठ्यांची पंचाईत होते, ती अशी.

२०११ नंतर हळूहळू एक बदल झाला ज्याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. क्लासडोजो नावाचं अॅप आलं, आधी मुलांच्या वागण्याला पॉइंट द्यायला, नंतर वर्गातले फोटो पालकांना पाठवायला. २०१४ मध्ये गूगल क्लासरूम आलं, ते तर बरंचसं गृहपाठ देण्याघेण्यासाठीच. म्हणजे मुलं एकमेकांशी बोलतील म्हणून जे सुरू झालं होतं ते शिक्षक पालकांना कळवतात यावर येऊन थांबलं. मूल फोटोत असतं, बोलणाऱ्यांत नसतं. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, डेटाची चोरी वगैरे त्याच्यानंतर.

अर्थात डेटाचं प्रकरणही साधं नाही. २०१७ मध्ये एडमोडोच्या कोट्यवधी युजर्सची माहिती चोरीला गेली, २०१८ मध्ये नेटड्रॅगन या चिनी कंपनीने ते विकत घेतलं, २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद पडल्यावर इजिप्तने अख्ख्या देशासाठी तेच निवडलं, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये दुकान बंद. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने एडमोडोला ६० लाख डॉलरचा दंड सांगितला, आरोप असा की पालकांच्या संमतीशिवाय मुलांची माहिती घेतली, जाहिरातींसाठी वापरली आणि संमतीची जबाबदारी शाळांवर ढकलली. सुरक्षित म्हणून शाळांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याचीच ही तऱ्हा.

वयाची रेघ आता अजून वर सरकतेय. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडिया अकाउंट बंद केली, डिसेंबर २०२५ पासून ते लागू आहे, गूगल क्लासरूमसारख्या शिक्षणाच्या सेवांना त्यातून सूट आहे. दुसऱ्या गावच्या शाळेशी जोडून घेण्याची फ्रेनेंची पद्धत मात्र युरोपात २००५ पासून ई-ट्विनिंग नावाने चालू आहे, दोन देशांतले शिक्षक मिळून प्रकल्प ठरवतात आणि मुलं एका बंद जागेत एकमेकांना लिहितात, तिथे बालवाडीचे वर्गसुद्धा आहेत.