डिमेन्शियाच्या सेवेचा खर्च: साताऱ्यात आधी कोणते कागद करून घ्यावेत

डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, पैसा दवाखान्यापेक्षा घरातच जास्त जातो. दिवसरात्र सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, डायपर, महिन्याची औषधं. हा सगळा भार उचलणारी एकच योजना नाही. चार ठिकाणांहून थोडं थोडं जमवावं लागतं.

सुरुवात न्यूरोलॉजिस्टच्या लेखी निदानापासून. नुसतं 'विसराळूपणा' लिहिलेल्या चिठ्ठीवर भागवू नका. आजाराचं नाव, तारीख, सही-शिक्का हवा.

मग अपंगत्वाचा दाखला. केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' या ऑनलाइन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि रिपोर्ट जोडून अर्ज करायचा. तपासणी क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत 'डिमेन्शिया' हे नाव सापडत नाही आणि माणूस फॉर्मवरच अडतो. पण तिथल्या 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत स्मरणशक्तीचा आणि भानाचा गंभीर बिघाड येतो. मनोविकारतज्ज्ञांना विचारून तो गट निवडा.

40 टक्के अपंगत्व नोंदलं गेलं की सांभाळणाऱ्या मुला-मुलीला आयकराच्या जुन्या करप्रणालीत कलम 80 डीडीखाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे इथे पाहत नाहीत. मावशींच्या पगाराची पावती नसते, म्हणून मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. उपचारखर्चासाठी 80 डीडीबी वेगळं. त्याच्या यादीत डिमेन्शियाचं नाव आहे, ज्येष्ठांसाठी मर्यादा 1 लाख. (1961 च्या आयकर कायद्यातली ही कलमं, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक वेगळे.)

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार पुरतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावरच. घरच्या सेवेला नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर 65 वर्षांवरील व्यक्तीसाठी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. दरमहा 1,500 रुपये, अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना 2,500. वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

आमच्याकडे उशीर झाला तो सहीच्या कामाला, म्हणून कळकळीने सांगते. आई-वडिलांना व्यवहार समजतो आहे तोवरच बँक खात्याला दुसरं नाव लावून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याचं भान हरपलं की ते कायद्याने संपतं आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र त्यांना बँकेत न्यायची गरज नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच जीवन प्रमाण होतं.