दाढीचा पहिला ब्रश घेताय? मग त्यातले केस कुठून आले ते आधी बघा

कॉलेजात असताना मी पहिला दाढीचा ब्रश घेतला तो कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून, लाल प्लॅस्टिकच्या दांड्याचा, आणि आठवड्याभरातच फेसापेक्षा त्याचे केसच गालाला जास्त चिकटायला लागले. तेव्हा वाटायचं की स्वस्त ब्रश म्हटला की असंच असणार, चांगला पाहिजे तर बॅजरच्या केसांचा घ्यायला हवा आणि तो काय आपल्याला परवडत नाही. दोन्ही समजुती एके काळी खऱ्या होत्या बरं का, फक्त तो काळ आता गेलाय.

आधी बॅजरचं बघू. हा बिळात राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी. फ्रेंचमध्ये ह्या प्राण्याला म्हणतात ब्लेरो आणि दाढीच्या ब्रशलाही ब्लेरोच, एवढं ते नातं घट्ट आहे (कुणाला येडपट म्हणायचं असेल तरी तोच शब्द चालतो, ते सोडा). पॅरिसची प्लिसाँ ही ब्रशवाली कंपनी १८०८ पासूनची, लंडनची केंट तर १७७७ ची. बॅजरचा केस मुळाशी बारीक, मधे जाड आणि टोकाला परत निमुळता, त्यामुळे टोचत नाही आणि झुपक्यात गरम पाणी छान धरून ठेवतो. पण एका प्राण्यापासून केस निघणार किती, त्यामुळे ही कायम पैसेवाल्यांचीच वस्तू राहिली. बाकी जनतेसाठी घोड्याचे नाहीतर डुकराचे केस, आणि घोड्याच्या केसांना रंग देऊन, पट्टे काढून ते 'बॅजरसारखे' म्हणून विकायचा धंदाही जोरात होता.

ह्याच धंद्याने पुढे माणसं मारली, शब्दशः.

पहिल्या महायुद्धाआधी रशिया आणि आशियातून येणारे घोड्याचे केस बरेचसे जर्मनी आणि फ्रान्समध्ये साफ होऊन, निर्जंतुक होऊन पुढे जायचे. १९१४ ला युद्ध पेटलं, ती वाट बंद झाली आणि चीन-जपानकडून आलेला माल थेट, न धुता-उकळता, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ब्रशात जायला लागला. त्यात नेमकी सैन्याला लाखोंनी ब्रशांची गरज, कारण विषारी वायूचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढीचे खुंट चालत नाहीत. त्या केसांबरोबर आले काळपुळीचे जंतू, म्हणजे अँथ्रॅक्स, आपल्याकडे गुरांना होते तीच काळपुळी. दाढी करताना कापलं-खरचटलं की जंतू सरळ आत. सैनिक आणि साधे नागरिक मिळून दोनशेच्या वर लोकांना ह्या नव्याकोऱ्या ब्रशांमुळे लागण झाली, पेनिसिलिन तर अजून यायचं होतं, बरेच जण दगावले. शेवटी १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. त्या काळातल्या अमेरिकन ब्रशांच्या दांड्यावर 'स्टरिलाइज्ड' असा शिक्का दिसतो तो उगाच नाही. त्यामुळे जुन्या बाजारात शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश भारी दिसला तरी पहिला ब्रश म्हणून तो घेऊ नका, धोका अगदी कमी असेल पण केस घोड्याचे की कशाचे हे कळत नाही आणि ते बदलून घेण्याइतका उत्साह सुरुवातीला कुणाला असतो. शोकेसमध्ये ठेवा हवं तर.

आता केस गळण्याबद्दल. ह्यात दोष जनावराचा नसतो, झुपका दांड्यात कसा बसवलाय त्याचा असतो. पूर्वी केस बांधून डांबर, राळ असल्या चिकट गोष्टींत बसवायचे, आणि रोज गरम पाणी म्हटल्यावर ते किती दिवस टिकणार. अमेरिकेत न्यूअर्कच्या रबरसेट कंपनीने केसांची मुळं रबरात पक्की करायची पद्धत आणली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केस न गळणं हीच त्यांची जाहिरात होती, म्हणजे ग्राहकांची तक्रार तेव्हाही माझ्यासारखीच होती. आज इपॉक्सी नावाचा पक्का डिंक वापरतात. माझ्या लाल ब्रशात काय होतं देव जाणे. नव्या ब्रशाचे पहिल्या आठवड्यात पाच-दहा केस पडले तर काही नाही, पण महिन्यानंतरही रोज पडत असतील तर तो डिंकाचा घोटाळा आहे, त्यावर इलाज नाही.

डुकराच्या केसांचा इतिहास आपल्या जास्त जवळचा. दाढीचे, रंगाचे, कपड्यांचे, सगळे ब्रश ह्याच केसांवर चालायचे. आपल्याकडे कानपूर ह्या व्यापाराचं मोठं ठिकाण, तिथून माल परदेशात जायचा. पण सगळ्यात नाव चीनच्या चुंगकिंगच्या काळ्या केसांचं. दुसऱ्या महायुद्धात जपानने चीनचा किनारा अडवला तेव्हा आसामातून हिमालयावरून चीनला युद्धसामान पोचवणारी विमानं परत येताना टंगस्टन, कथील आणि चक्क डुकराचे केस भरून भारतात आणायची. त्यावरून अंदाज करा काय भाव असेल त्या मालाला.

बाकी युरोपात ह्या ब्रशाला कुणी हलका समजत नाही. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा १९३१ पासून हेच ब्रश करते आणि तिथल्या न्हाव्याच्या दुकानात तेच दिसतात. फक्त त्याला थोडा धीर लागतो. केस स्वतः पाणी पितात, म्हणून दोन-तीन मिनिटं भिजवून ठेवायचा, आणि वीस-पंचवीस दाढ्या झाल्यावर टोकं फाटून मऊ होतात. तोपर्यंत टोचतो आणि ओला झाला की जनावराचा वास मारतो. बरेच जण ह्याच टप्प्यावर ब्रश फेकून देतात. आणि आपल्याकडे एक वेगळी भानगड, पाकिटावर नुसतं 'ब्रिसल' किंवा 'नॅचरल' लिहिलेलं असतं, कशाचे केस ते नाही. ज्यांना डुकराचा केस चेहऱ्याला लावायचा नाही त्यांनी सिंथेटिक असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावा.

मधल्या काळात ब्रशच जाणार अशी वेळ आली होती. १९२५ मध्ये अमेरिकेत बर्मा-शेव्ह हे ब्रशाशिवाय लावायचं क्रीम आलं, नाव बर्माचं पण कंपनी अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातली, आणि १९५० च्या आसपास डब्यातून फुसकन निघणारा फेस आला. आपल्याकडे तो डबा महागच राहिला, ट्यूबमधलं क्रीम आणि गोल साबण चालू राहिले, म्हणून मराठी घरातल्या मोरीच्या फळीवर ब्रश टिकला.

सिंथेटिक ब्रशाची बदनामी मात्र रास्त होती. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या नायलॉनचं पहिलं विक्रीला आलेलं रूपच ब्रशाचं, १९३८ मधला टूथब्रश. पुढे तेच तंतू दाढीच्या ब्रशात गेले आणि ताठ, गुळगुळीत, पाणी न धरणारे, फेस गालापेक्षा आरशावर उडवणारे ब्रश निघाले. हे बदललं मेकअपच्या ब्रशांमुळे. पावडर लावायला खारीच्या केसांसारखं मऊ काहीतरी पाहिजे होतं, म्हणून टोकाला निमुळते आणि किंचित नागमोडी धागे बनायला लागले, त्या नागमोडीमुळे मधे पोकळी राहते आणि पाणी-फेस तिथे अडकतो. जर्मनीच्या म्यूले कंपनीने तसे ब्रश काढले, २०१३ च्या सुमारास प्लिसाँनेही, म्हणजे ज्यांच्या भाषेत ब्रश आणि बॅजर एकच त्यांनीच. मग चिनी कारखान्यांनी तेच धागे एवढे स्वस्त केले की बॅजरवाल्यांची पंचाईत झाली.

तिकडे ब्रिटनमध्ये १९७३ पासून बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे, आताचे केस मुख्यतः चीनमधून येतात आणि प्राण्यांच्या हालांवरून त्यावर टीका होते. शिवाय प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ह्या प्रती कुणी ठरवून दिलेल्या नाहीत, ज्याची त्याची मर्जी. स्वस्तातला 'प्युअर बॅजर' म्हणजे बहुतेक वेळा टोचणारा, उरलासुरला माल, तो तर मी फुकट दिला तरी घेणार नाही.

तेव्हा पहिला ब्रश सिंथेटिकच, झुपका बुडाशी साधारण २४ मिलिमीटर रुंद, फार लांब केस नकोत. भिजवायला लागत नाही, पावसाळ्यात सुद्धा लवकर वाळतो, वास नाही. फक्त पाणी नीट झटकून घ्या, तो डुकराच्या ब्रशासारखं पाणी पीत नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं कोपरापर्यंत ओघळतं आणि मग बनियन बदलावं लागतं.