वीजबाजारातील बोलीक्षेत्रे

घाऊक वीजबाजारात ज्या भूभागात एका वेळी विजेचा एकच भाव लागतो, त्यास बोलीक्षेत्र म्हणतात. क्षेत्राच्या आत वीज विनाअडथळा वाहते असे गृहीत धरतात. दोन क्षेत्रांमधील पारेषण वाहिन्यांची मर्यादा मात्र सौद्याच्या हिशेबात धरली जाते. एका देशाचा बाजार अशा अनेक क्षेत्रांत वाटणे म्हणजे क्षेत्रविभाजन. भारतात घरगुती वीजदर राज्य नियामक आयोग ठरवतात, त्यामुळे सामान्य ग्राहकाला हे भाव थेट जाणवत नाहीत.

प्रथम सर्व खरेदी-विक्रीच्या बोली एकत्र करून वाहिन्यांचा विचार न करता एक भाव काढतात. त्या भावाने स्वस्त क्षेत्राकडून टंचाईच्या क्षेत्राकडे १,५०० मेगावॉट वीज जायला हवी, पण वाहिनी १,००० मेगावॉटच पेलते, असे समजू. मग विकणाऱ्या क्षेत्रात भाव उतरतो आणि घेणाऱ्या क्षेत्रात चढतो, तो प्रवाह १,००० वर येईपर्यंत. हे भाव ३ व ५ रुपये प्रतियुनिट ठरले, तर मधले २ रुपये विकणाऱ्याला मिळत नाहीत आणि घेणाऱ्याचे वाचतही नाहीत. तासाला १० लाख युनिटांवर अशी २० लाख रुपयांची रक्कम साठते. भारतात ती विद्युत प्रणाली विकास निधीत जमा होते.

कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फ्रेड श्वेपे व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात स्थानपरत्वे वीजभावाचा सिद्धांत मांडला. त्यांचा ग्रंथ १९८८ चा. काही अभ्यासक क्षेत्रांचे मूळ येथेच शोधतात. परंतु श्वेपे यांचा भाव वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या प्रत्येक जोडबिंदूचा (जेथे वाहिन्या एकमेकींना मिळतात) आहे, क्षेत्राचा नव्हे. दुसरा पक्ष नॉर्वेकडे बोट दाखवतो. तेथे १९९० च्या ऊर्जा कायद्याने १९९१ पासून बाजार खुला झाला. लांबट, डोंगराळ देश आणि जलविद्युतकेंद्रे विखुरलेली, त्यामुळे वाहिनी तुंबली की भाव वेगळे करणे ही व्यवहाराची गरज होती. क्षेत्रांची पद्धत बहुधा १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रुळली. क्षेत्र हे सिद्धांताचे सुलभीकरण नसून जाळे चालवणाऱ्यांची सोय होती, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नॉर्वेत आज पाच क्षेत्रे आहेत.

स्वीडनचे विभाजन १ नोव्हेंबर २०११ रोजी झाले. उत्तरेत जलविद्युत मुबलक. दक्षिणेत मागणी मोठी, आणि माल्मोजवळचे बार्सेबेक अणुकेंद्र १९९९ व २००५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झालेले. अंतर्गत कोंडी टाळण्यासाठी जाळ्याचा चालक डेन्मार्ककडे जाणारी वीज आवळतो, अशी तक्रार डेन्मार्कमधून युरोपीय आयोगाकडे गेली. २०१० मध्ये चालकाने दिलेल्या हमीतून लुलेओ, सुंड्सवाल, स्टॉकहोम व माल्मो ही चार क्षेत्रे आली. म्हणजे रेषा देशांतर्गत कोंडीची असली, तरी ती आखायला लावणारा दबाव बाहेरचा होता.

जर्मनी व ऑस्ट्रिया यांचे सामाईक क्षेत्र १ ऑक्टोबर २०१८ रोजी तुटले. जर्मनीतच पाच क्षेत्रे करावीत असे २०२५ च्या युरोपीय पुनरावलोकनातून पुढे आले. जर्मन सरकारचा त्यास विरोध आहे. ब्रिटनने त्याच वर्षी क्षेत्रीय भावाचा पर्याय नाकारला. टेक्सासने क्षेत्रे सोडून डिसेंबर २०१० पासून जोडबिंदूनिहाय भाव स्वीकारला. क्षेत्र रद्द झाल्याचेही उदाहरण आहे : ऑस्ट्रेलियातील स्नोई क्षेत्र २००८ मध्ये शेजारच्या क्षेत्रांत विलीन झाले. इटलीत विक्रेत्यांना क्षेत्रीय भाव, तर खरेदीदारांना देशभर एकच सरासरी भाव, अशी तडजोड २००४ पासून दोन दशके चालली.

भारतात २००८ मध्ये वीज विनिमय केंद्रे (विजेच्या खरेदी-विक्रीचे बाजार) सुरू झाली, तीच क्षेत्रविभाजनाची पद्धत घेऊन. क्षेत्रे १३ असून त्यांच्या सीमा बहुतांशी राज्यांच्या सीमांवरून जातात. वाहिन्या त्या सीमा पाळतातच असे नाही, हा या मांडणीतील उघड कच्चा दुवा. महाराष्ट्र व गुजरात पश्चिम-२ या क्षेत्रात येतात. दक्षिणेचे जाळे दीर्घकाळ उर्वरित देशाशी समकालिक (एकाच वारंवारतेच्या लयीत चालणारे) नव्हते, भद्रावती (जि. चंद्रपूर) येथील १,००० मेगावॉटच्या एकदिश प्रवाह (डीसी) केंद्रासारख्या मोजक्याच दुव्यांतून वीज जाई, आणि दक्षिणेत भाव वारंवार वर राही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने जाळी समकालिक झाली. तरी तुंबणे पुढे काही वर्षे टिकले. ईशान्येची दोन क्षेत्रे आकाराने लहान असून तेथील व्यवहारही तुलनेने थोडे आहेत.

गोवा पश्चिम व दक्षिण अशा दोन्ही प्रादेशिक जाळ्यांतून वीज घेत आला आहे. त्यामुळे उत्तर गोवा पश्चिम-२ मध्ये आणि दक्षिण गोवा कर्नाटकासह दक्षिण-१ मध्ये मोडतो. भारतात भाव दर पंधरा मिनिटांसाठी ठरतो; वाहिनी तुंबली, तर पणजी व मडगाव यांचे घाऊक भाव त्या पंधरा मिनिटांपुरते वेगळे असू शकतात.