बायबल पहिल्या पानापासूनच वाचावं लागतं?

नव्या वर्षात बायबल वाचायला घेणाऱ्याला सल्ला ठरलेला: उत्पत्ती या पहिल्या ग्रंथापासून सुरू कर, क्रम मोडू नकोस. उत्पत्ती, निर्गम गोष्टींच्या ओघात सरतात. मग लेवीय हा तिसरा ग्रंथ येतो. तेराव्या अध्यायात कातडीवरचा डाग याजकाने, म्हणजे पुरोहिताने, कसा तपासायचा, रोग्याला सात दिवस वेगळं कसं ठेवायचं, पुढे कपड्यावरच्या चट्ट्यांचंही तसंच. इथे बहुतेकांची खूण अडकते ती अडकतेच. आणि वर अपराधीपणा!

हा नियम बायबलमध्ये कुठेच नाही. मुळात ते एक पुस्तक नसून ग्रंथसंग्रह आहे: प्रोटेस्टंट परंपरेत ६६, कॅथलिक परंपरेत ७३ ग्रंथ. मांडणीही कालक्रमाने नाही. प्रेषित पौलाची ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली पत्रं साधारण लांबीनुसार लावलेली आहेत, म्हणून रोमकरांस पत्र आधी.

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या चर्चचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं वाचन आखलं. त्यात पहिल्याच दिवशी उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये या चारही ग्रंथांचा पहिला अध्याय आहे. आजही हे वेळापत्रक वापरात आहे.

पण नवख्याला रोज चार अध्याय जडच. माझं मत विचाराल तर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, घ्या. सोळाच अध्याय, गती अशी की ग्रीक मुळात ‘लगेच’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो. सोबत बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र. ११७वं तर दोनच ओव्यांचं, म्हणजे दोनच वचनांचं; चहा निवायच्या आत होतं. लेवीय कुठे पळून जात नाही.