कॅनडाचा पीआर: ६० दिवसांच्या अर्जाची तयारी वर्षभर आधी

कॅनडात कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, मागण्याची ऑनलाइन पद्धत म्हणजे एक्स्प्रेस एंट्री. तिचं प्रोफाइल एका रविवारी भरून होतं. खरी धावपळ पुढे असते. पूलमधून, म्हणजे प्रोफाइल भरलेल्या पात्र उमेदवारांमधून, आपल्याला आमंत्रण (आयटीए) आलं की पूर्ण अर्ज ६० दिवसांत सादर करावा लागतो. त्या ६० दिवसांत कागद स्कॅन करून चढवावेत, शोधत फिरू नये. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. जो कागद दुसऱ्याच्या टेबलावरून यायचाय तो सर्वांत आधी मागवायचा. ज्याची मुदत लवकर संपते तो सर्वांत शेवटी.

पात्रता आधी पाहू. भारतातून थेट जाणारे बहुतेक जण फेडरल स्किल्ड वर्कर या प्रकारात बसतात. त्यासाठी गेल्या १० वर्षांत किमान १ वर्षाचा सलग, पगारी, कुशल कामाचा अनुभव लागतो. आयईएल्टीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत किमान ६ हवेत, आणि पात्रतेच्या मोजणीत १०० पैकी ६७ गुण. पण हे झालं फक्त दार उघडण्यापुरतं. आमंत्रण सीआरएस नावाच्या वेगळ्या गुणांवर येतं आणि तिथे भाषा भाव खाऊन जाते. लिसनिंग ८ आणि बाकीचे तीन ७ झाले की गुणांत मोठी उडी बसते. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. ‘ऑफर लेटर मिळवून देतो, गुण वाढतील’ असं कुणी एजंट अजूनही सांगत असेल तर तिथूनच नमस्कार करून उठा.

आता ईसीए, म्हणजे आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे याचा अहवाल. तो ५ वर्षं चालतो, म्हणून सुरुवात इथूनच करा. पदवीची प्रत आपण देतो, पण मार्कशीट अहवाल देणाऱ्या संस्थेकडे विद्यापीठाकडूनच जाव्या लागतात. माझ्या विद्यापीठात तिसऱ्या खेपेला पाकीट तयार झालं. खिडकीवरच्या बाईंनी ते चिकटवलं, पण शिक्का मारला पुढच्या बाजूला. पाकिटाची घडी जिथे बंद होते तिथेच तो हवा होता. पुन्हा रांग, पुन्हा चलन. पाकीट हातात घेतल्यावर आधी उलटं करून बघा. जोडीदाराचाही ईसीए आणि भाषेची परीक्षा करून ठेवा, त्याचेही गुण मिळतात.

सर्वांत जास्त वेळ आपल्याकडे खातो तो नावांचा गोंधळ. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात तांदळात नाव लिहून बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे. तिकडच्या अधिकाऱ्याला ही पद्धत ठाऊक असेलच असं धरून चालू नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद एकत्र ठेवले की प्रश्न मिटतो. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. काकाचं इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही.

अनुभवाच्या पत्रावर नुसतं ‘अमुक साली रुजू, अमुक साली कार्यमुक्त’ असून भागत नाही. लेटरहेडवर पद, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे रोजची कामं हवीत. आपण निवडलेल्या एनओसी कोडशी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीतल्या क्रमांकाशी, ती कामं जुळावी लागतात. जुन्या कंपनीतला साहेब निवृत्त व्हायच्या आत हे पत्र घ्या.

पैशाच्या पुराव्यात घर आणि शेती धरली जात नाही. बँकेच्या पत्रात सध्याची शिल्लक आणि गेल्या ६ महिन्यांची सरासरी दोन्ही लागतात, म्हणून ऐनवेळी मेहुण्याकडून उसने आणलेले पैसे उपयोगी पडत नाहीत. २०२५ च्या तक्त्यात चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर होते. हा आकडा दरवर्षी बदलतो. सोबत न येणारी बायको-मुलंही या मोजणीत येतात.

आणि ती अर्जातही यायलाच हवीत. ‘मुलगा मागाहून येईल, आत्ता कशाला लिहायचं’ ही चूक फार महागात पडते. अर्जात न दाखवलेल्या, त्यामुळे वैद्यकीय तपासणी न झालेल्या मुलाला पुढे स्पॉन्सर करायला गेलात की सहसा दार बंद असतं. मूल २२ वर्षांखालचं आणि अविवाहित असेल तर अवलंबित म्हणून बसतं.

शेवटी ठेवायच्या गोष्टी मोजक्या. आयईएल्टीएसचा निकाल २ वर्षं चालतो. पासपोर्ट सेवा केंद्राचं पोलीस क्लिअरन्स अर्जाच्या वेळी ६ महिन्यांहून जुनं चालत नाही. वैद्यकीय तपासणी फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते आणि ऑगस्ट २०२५ पासून तिची नोंद अर्जासोबतच द्यावी लागते.

अर्ज गेला की वाट बघत बसू नका, कामाचं बघा. नर्स, शिक्षक, इंजिनीअर यांसारखे पेशे तिकडे परवान्याचे आहेत आणि परवाना प्रांत देतो. पीआर मिळाला म्हणजे वॉर्डात उभं राहता येतं असं नाही. नर्सिंगची कागदतपासणी इथूनच सुरू करता येते आणि ती महिनोन्महिने चालते. बायोडेटा एक-दोन पानांचा करा. त्यातून फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव काढा.

मुलांच्या लसींची फाइल बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आमच्या फाइलमध्ये नुसते कंपन्यांचे स्टिकर आणि डॉक्टरांचं अक्षर होतं. शाळेसाठी प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत, लेटरहेडवर लिहून घ्या. आरोग्य विम्याचं प्रांतागणिक वेगळं असतं. ब्रिटिश कोलंबियात पोचलेला महिना आणि पुढचे दोन महिने सरकारी विमा लागू होत नाही, तेवढ्यासाठी खासगी विमा घेऊनच निघा. आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उताराही काढून ठेवा, गाडी किती वर्षं चालवताय ते त्यावरून दाखवता येतं.

बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायचं विसरू नका. घर भाड्याने देणार असाल तर कुलमुखत्यारपत्र निघायच्या आधी नोंदवा.

दागिन्यांची आणि मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळी कस्टमला दाखवायची असते. पाटल्या, ठुशी, मंगळसूत्र, प्रत्येकाचा फोटो आणि अंदाजे किंमत. आई ‘पुढच्या वेळी घेऊन येईन’ म्हणत असेल तर तो जिन्नसही आत्ताच यादीत घाला. दोन प्रती काढा आणि हातातल्या बॅगेत ठेवा.